तालमीचा धाकटा भाऊ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, हडपसर आणि मांजरी फाटा मागे पडला की लोणी काळभोर येतं. एकीकडे तेल कंपन्यांचे डेपो आणि त्यांच्या दारात उभ्या टँकरच्या रांगा, दुसरीकडे राज कपूर यांच्या राजबागेच्या जागी उभं राहिलेलं विद्यापीठ, आणि या दोन्हींच्या अधेमधे कालव्याच्या पाण्यावर अजून तग धरून असलेला ऊस. पुण्यातला मुक्काम आटोपला की तुकोबांची पालखी इथे विसावते. जेमतेम शहर झालेलं आणि पुरतं गाव न राहिलेलं असं हे ठिकाण आहे. हिवाळ्यातल्या रविवारी इथे लाउडस्पीकर ऐकू आला, तर लग्न असेलच असं नाही. बऱ्याचदा पलीकडच्या मोकळ्या रानात कुणाला तरी दोन चेंडूंत सात धावा हव्या असतात.

टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळणारे क्लब या पट्ट्यात वाडी-वस्तीगणिक आहेत. एकाचं नाव मुद्दाम घेत नाही; घेतलं तर पुढच्या आळीतला दुसरा विचारणार, आमचं काय? यांतल्या बऱ्याच जणांची पंचविशी होऊन गेली आहे, काहींची चाळिशी. आता कुणी रौप्यमहोत्सव करतं, कुणी माजी विरुद्ध आजी असा सामना लावतं. तयारीची पहिली बैठक बसली की पहिला प्रश्नच अडतो: क्लब नेमका सुरू कधी झाला?

कागद नसतो. सभासदांची यादी नाही, घटना नाही, इतिवृत्ताची वही नाही. मग हिशेब सुरू होतो. आण्णा दहावीला होते ते वर्ष, कालव्याला भगदाड पडलं ते वर्ष, किंवा जुन्या ढालीवरच्या पत्र्यावर कोरलेलं आणि आता निम्मं खरवडलेलं साल. शेवटी सर्वांना सोयीचं एक साल ठरतं आणि ते फ्लेक्सवर छापलं जातं. फ्लेक्सवर छापलं म्हणजे तोच इतिहास.

पुण्याच्या जिमखान्यांचं असं होत नाही. पीवायसी हिंदू जिमखाना १९०० चा, डेक्कन जिमखाना १९०६ चा. त्यांना सालाचा वाद घालावा लागत नाही. तिथे इमारत आहे, दालनात ओळीने तसबिरी आहेत. इंग्लंडातलं खेडं तर याबाबतीत आणखी पुढे. तिथे १९७२ पासून खेड्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि तिचा पहिला अंतिम सामना लॉर्ड्सवर झाला. पहिला चषक कॉर्नवॉलमधल्या ट्रून या गावाने नेला. आपल्या गावचा क्लब याच झाडाची फांदी असावी असं वाटतं, पण तसं नाही. त्याचं मूळ तालमीत आहे.

यात्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. हलगी, पुकारा, मातीवर पाणी मारणं, इनामाची रक्कम जाहीर होणं, 'अमुक पाटलांकडून पाचशे एक' अशी मध्येच पडणारी भर, आणि जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन काढलेली मिरवणूक. आता टेनिस क्रिकेटची स्पर्धा पाहा. हलगी आहेच, नाहीतर डीजे आहे. षटकार पडला की माइकवरून देणगीदाराचं नाव आणि रक्कम. अंतिम सामन्यानंतर गुलाल. वर्गणी गोळा करण्याची पद्धत गणेश मंडळाची, मांडवही बऱ्याचदा मंडळाचाच. काळभोर हे आडनाव महाराष्ट्राने राहुल काळभोर यांच्यामुळे महाराष्ट्र केसरीच्या यादीत वाचलं आहे. कुस्तीचा मान असलेल्या अशा मुलखात क्रिकेट आलं तेव्हा त्याने इंग्रजांचा पोशाख बाहेरच उतरवून ठेवला आणि तालमीच्या रीतीने आत आलं. इथे चहापानाची सुट्टी नाही, टाळ्यांचं सौजन्य नाही. ललकारी आहे.

हे सारं वाढीला लागलं ते २५ जून १९८३ नंतर. गावात टीव्ही मोजके, पण कपिल देवने हातात धरलेला चषक सगळ्यांनी पाहिला. पुढे विश्वचषक पुण्याच्या दारातच आला. १९८७ च्या रिलायन्स कपात ३० ऑक्टोबरला नेहरू स्टेडियमवर इंग्लंड-श्रीलंका सामना झाला. त्याहून मोठा दिवस २९ फेब्रुवारी १९९६ चा. त्याच मैदानावर केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. ब्रायन लारा आठ धावांवर रजब अलीच्या चेंडूवर यष्टिरक्षक तारिक इक्बालकडे झेल देऊन गेला. केनियाच्या त्या संघातले बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे होते. स्वारगेटला एसटी पकडून गावाकडे परतणाऱ्यांसाठी त्या निकालातला निरोप सरळ होता: आठवडाभर दुसरं काम करणारा माणूस रविवारी लाराला बाद करू शकतो.

बाकी गावच्या क्रिकेटचा सगळा पाया चेंडूवर आहे. सिझन बॉल, म्हणजे चामड्याचा, साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. त्याला पॅड हवेत, ग्लोव्हज हवेत, हेल्मेट हवं, आणि सर्वांत आधी चांगली खेळपट्टी हवी. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्याही आतला. तो छातीवर बसला तर वळ उठतो, दवाखाना गाठावा लागत नाही. मोठ्या स्पर्धांत आता या दोहोंच्या मधला जड टेनिस चेंडू वापरतात. नवा चेंडू लवदार असतो, हवेत रेंगाळतो. तीन-चार षटकांत लव झडून तो टकला झाला की जमिनीवरून सरपटत येतो, आणि खेळ तिथे बदलतो. म्हणून इथल्या गोलंदाजाचं पहिलं हत्यार यॉर्कर आणि दुसरं, त्याच हाताच्या झपाट्यातून सुटलेला संथ चेंडू. फलंदाज पुढचा पाय लेग स्टंपच्या बाहेर काढून बॅटला वाट मोकळी करून देतो. बॅट काश्मिरी विलोची, पाठीमागून कोरून हलकी केलेली; जिमखान्यातला प्रशिक्षक ती हातात धरून नाक मुरडेल. पायचीत बहुतेक ठिकाणी नसतंच. पंच गावातलाच, पाय चेंडूआड आला की नाही हे ठरवायचं म्हणजे दोन भावक्यांत भांडण लावायचं. नियमच काढून टाकलेला बरा. वादाचा दुसरा मुद्दा फेकीचा, म्हणजे हात वाकवून टाकलेल्या चेंडूचा. तो नियम काढता येत नाही, म्हणून दर स्पर्धेत भांडण होतं.

आदल्या दिवशीचं मैदान पाहण्यासारखं असतं. काळी जमीन उन्हाने भेगाळते, तिच्यावर चेंडू कसाही उसळतो. मग खेळपट्टीपुरता मुरूम किंवा लाल माती पसरतात, टँकरने पाणी सोडतात, रात्रभर मुरू देतात. पहाटे रोलर. रोलर मिळाला नाही तर ट्रॅक्टरची चाकं पुढे-मागे करत फिरवतात, आणि चाकाची नक्षी उमटली की पोरं फावड्याच्या पाठीने ती थापून काढतात. एक जण दोरी धरतो, दुसरा पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातून फक्की सोडत सीमारेषा आखत जातो. रेषा विहिरीजवळ हमखास आत वळते आणि बांधाकडे बाहेर पळते. कुठून किती मीटर हे कुणी विचारत नाही, कारण दोन्ही संघांना तेच रान. उसाच्या बाजूला गेलेला चेंडू सापडेपर्यंत खेळ थांबतो. तेवढ्या वेळात समालोचक प्रायोजकांची यादी वाचून काढतो.

समालोचकाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण या खेळाचा खरा मानकरी तोच आहे. चांगला समालोचक हंगामभर बांधलेला असतो, आज लोणी तर उद्या उरुळी कांचन. त्याला सर्व संघांच्या पोरांची नावं, टोपणनावं, गेल्या वर्षीचा पराक्रम आणि कुणाचा मेहुणा कुठल्या गावचा हे पाठ असतं. षटकार हवेत असताना तो बोलत नाही, चेंडू पडला की बोलतो. तेवढ्या निमिषाच्या गप्प राहण्यावर त्याची बिदागी ठरते, असं माझं मत आहे. दूरदर्शनवरच्या हिंदी-इंग्रजीतून बरंच उचललेलं असलं तरी लय कीर्तनाची आणि कुस्तीच्या पुकाऱ्याची आहे.

आता हंगामाचं अर्थकारण. प्रवेश फी, चषक, मालिकावीराला सायकल, मोठ्या स्पर्धेत मोटारसायकल, पहिलं बक्षीस लाखाच्या घरात. चषकाला नाव सरपंचांचं, आमदारांचं किंवा दिवंगत मित्राचं. या शेवटच्या प्रकारापाशी मी नेहमी थांबतो. 'स्मृती चषक' असं लिहिलेल्या फ्लेक्सवर कितीदा तरी विशीतल्या मुलाचा फोटो असतो. हमरस्त्याकाठच्या गावांना कारण विचारावं लागत नाही. दर वर्षी त्या मुलाच्या वडिलांच्या हस्ते नाणेफेक होते, आणि क्लबाची पुढची पिढी, ज्यांनी त्याला पाहिलेलंच नाही, ती त्याच्या नावाने खेळते. ज्या संस्थेकडे दप्तर नाही तिच्याकडे ही नोंदीची एक रीत आहे, आणि ती पत्र्यावरच्या सालापेक्षा पक्की आहे.

बक्षीस वाढलं तसा भाडोत्री खेळाडू आला. एका रविवारी तीन तालुक्यांत तीन संघांकडून खेळणारे पट्टीचे फलंदाज आहेत; त्यांचे व्हिडिओ गावोगाव पाहिले जातात. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, दहा-दहा षटकांची, लिलावासह, आणि टेनिसच्या खेळाडूला दाखवायला एक मोठा रंगमंच मिळाला. वाईट काही नाही. पण गावच्या क्लबाची त्यात पंचाईत होते: पैसे घेऊन आलेला पाहुणा चौथ्या क्रमांकावर खेळतो आणि ज्याने रात्री टँकरचा पाइप धरला तो बारावा गडी राहतो. यावर गावांनी तोड काढली, 'एक गाव एक संघ'. आधार कार्ड दाखवायचं, पत्ता जुळला तरच मैदानात. सरकारी कागदाचा इतका मनापासून वापर मी दुसरीकडे पाहिला नाही.

एक गाव म्हणजे सगळं गाव का, हा प्रश्न उरतोच. पुणे परिसराने तो फार पूर्वी पाहिला आहे. पळवणकर बाळू या दलित डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पूना जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकरी केली, ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकले. हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतलं, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. आज टेनिसच्या मैदानावर पाण्याचा जार एकच असतो, ही प्रगती खरी. संघ मात्र आळीवार, वस्तीवार आणि भावकीवार उभे राहतात, आणि कर्णधार कोण हे बऱ्याच ठिकाणी गोलंदाजीवरून ठरत नाही. मुलींसाठी तर स्पर्धाच विरळ. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे भारतीय संघात पोहोचली, पण तिच्या नावाने किती गावांनी मुलींचा सामना लावला, हे चषकाच्या समितीने स्वतःला विचारावं.

या मैदानांतून वर कुणी गेलं का, असा सवाल पाहुणे करतातच. पुण्याचा केदार जाधव टेनिसच्या स्पर्धांत 'रेनबो' क्लबाकडून खेळलेला. १५ जानेवारी २०१७ ला गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग करताना भारत ४ बाद ६३ होता. त्याने ७६ चेंडूंत १२० केल्या. चेंडू जिथे क्षेत्ररक्षक नाही तिथेच उचलून मारायचा, ही बुद्धी त्याला टेनिसनेच दिली, असं इथली पोरं छातीठोक सांगतात. पण क्लबाचं मोल यावरून काढायचं नसतं. तालमीतून सगळेच महाराष्ट्र केसरी होत नाहीत.

खरी चिंता रानाची आहे. क्लबाच्या मालकीचं मैदान जवळपास कुठेच नसतं. ऊस तुटून गेलेलं, पुढच्या लागणीपर्यंत मोकळं पडलेलं कुणाचं तरी शेत, नाहीतर शाळेचं पटांगण, नाहीतर गायरान. आज ना उद्या त्या शेतात प्लॉटिंगचे खांब रोवले जातात. खांबांतून काही दिवस खेळ चालतो, खांब चुकवून धावायची पोरांना सवय होते, मग पत्र्याचं कुंपण येतं. तालमीला निदान चार भिंती होत्या. वर्धापनदिनाच्या भाषणांत सत्कार खूप होतात. एखाद्या तरी समितीने शाल-श्रीफळाआधी ग्रामपंचायतीकडून गायरानाचा एक कायमचा तुकडा मागावा असं वाटतं.

माजी विरुद्ध आजी सामना मात्र पाहावा. दि. ब. देवधरांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ रणजी करंडक मिळवून दिला तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, आणि बावन्नाव्या वर्षी त्यांनी एकाच रणजी सामन्यात दोन शतकं केली. इथले माजी देवधरांच्या मानाने तरुणच, तरी पहिल्या षटकात दोघांच्या पोटऱ्या धरतात. कुणाची बँकेची नोकरी, कुणाचं दूध संकलन, कुणी टँकरवर चालक. आजी संघ आधी त्यांना 'काका, सावकाश' म्हणतो. मग माजी संघातले तात्या पुढचा पाय बाजूला काढून पहिलाच यॉर्कर लाँगऑनवरून उसात घालतात आणि पोरं गप्प होतात.

दिवसभराचे आकडे आता ॲपवर चढतात, चेंडूगणिक. त्याआधीच्या तीस वर्षांच्या धावा माजी खेळाडूंच्या तोंडी आहेत. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या आणि ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ पासून नऊ धावा दूर राहिले, कारण प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. तो ४४३ चा आकडा धावफलकावर आहे, म्हणून तिथेच थांबला आहे. लोणीच्या रानातला एक जुना षटकार पूर्वी बांधापलीकडे पडला होता, पुढच्या पिढीत तो कालव्यात गेला. गेल्या खेपेला माइकवरून तो थेट सोलापूर रस्त्यावरच्या चालत्या टँकरवर आदळल्याचं जाहीर झालं, आणि मारणाऱ्या तात्यांनी ते नाकारलं नाही.