मानसिक आघात आणि शरीरस्वास्थ्य

मानसिक आघाताचे परिणाम मनापुरतेच मर्यादित राहतात, ही समजूत शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. दीर्घकाळ भय, शोक वा अवहेलना सोसणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातील कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे नियमन बिघडू शकते व रोगप्रतिकारशक्ती मंदावते. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर लहानशी जखम करण्यात आली. ती भरून येण्यास तितक्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. तेथेच १९९८ साली फेलिटी व अँडा यांनी बालपणीचा छळ आणि प्रौढपणीचे हृद्रोग यांचा संबंध दाखविला.

मनावरील भार हलका करणे हा शरीराच्याही उपचाराचा भाग होय, असे यावरून म्हणता येते. या दृष्टीने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडचे कार्य उद्बोधक आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प स्थापिला. गावोगावच्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देताना औषधोपचाराइतकेच महत्त्व आत्मविश्वासास देण्यात आले. कारण त्यांपैकी अनेकींनी जातीमुळे वा स्त्री म्हणून उपेक्षा सोसली होती. याच परिसरातील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मानसिक अस्वास्थ्याची कारणे सांगताना त्या स्त्रियांनी घरातील मारहाणीचा निर्देश केला. रोग्याच्या घरची स्थिती विचारात न घेता केलेली चिकित्सा म्हणूनच अपुरी ठरते.