डॉक्सीची गोळी आणि उंदराचं घड्याळ

गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक देऊळ, टेकडीची प्रदक्षिणा आणि समुद्र पाहून परततो. आषाढात टेकडीपलीकडे, मालगुंड-नेवऱ्याच्या बाजूला, खाचरांत पोटरीभर चिखलात उभं राहून लावणी चाललेली असते, ती बहुधा त्याच्या नजरेस पडत नाही. याच चिखलात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायराचे जंतू उतरतात आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरतात. म्हणून कोकणात पावसाळा आला की ‘लेप्टोची गोळी’, म्हणजे डॉक्सीसायक्लिन, चर्चेत येते. सोबत समजुतीही येतात. गोळी उष्ण पडते, वर नारळपाणी प्यावं. फार प्यायलं तर गोळी लघवीवाटे धुऊन जाते. आठवड्याला एक म्हणजे तिचा अंमल आठवडाभर टिकत असणार. आणि थोडं वाचलेला माणूस म्हणतो, ही औषधं उंदरांवर तपासलेली, ती माणसाला काय लागू पडणार? या सगळ्यांच्या मुळाशी एकच चूक आहे. औषध शरीरात ‘असतं’ किंवा ‘नसतं’, एवढंच आपण धरून चालतो. खरा प्रश्न ते किती वेळ, किती प्रमाणात आणि कुठे असतं हा आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्राण्यात वेगळं आहे.

नारळपाण्याची समजूत अगदीच निराधार नाही, पण ती दुसऱ्याच औषधाला शोभणारी आहे. पेनिसिलिन खरोखरच लघवीवाटे जातं, तेही झपाट्याने: निरोगी माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला हे दुर्मीळ औषध दिलं, तेव्हा त्याच्याच लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचलं गेलं. तरीही साठा संपला आणि तो वाचला नाही. मात्र इथेही औषध पाण्याबरोबर नुसतं वाहून जात नाही. मूत्रपिंडातल्या पेशी ते रक्तातून उचलून मूत्रात टाकतात, म्हणून जास्त पाणी प्यायल्याने फारसा फरक पडत नाही. डॉक्सीची वाट वेगळी. तिचा मोठा भाग आतड्यावाटे शौचातून जातो आणि रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला अठरा ते बावीस तास लागतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णालाही तिची मात्रा सहसा कमी करावी लागत नाही, आणि लेप्टो मूत्रपिंडावरच घाला घालतो हे लक्षात घेतलं तर ही लहान गोष्ट नव्हे. नारळपाणी खुशाल प्यावं. गोळीला अडथळा करायचाच असेल तर तो दूध करतं, कारण त्यातलं कॅल्शियम तिला थोडंफार बांधून ठेवतं.

आता उंदराकडे. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा. त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके घालतं, आणि यकृत-मूत्रपिंडांची कामंही त्याच घाईने चालतात. माणसात निम्मं व्हायला अर्धा तास घेणारं पेनिसिलिन त्याच्यात काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. म्हणून ‘उंदराला किलोमागे जेवढं लागलं तेवढंच माणसाला’ हा हिशेब चुकतो. औषधशास्त्रात मात्रा वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागाच्या अंदाजाने बदलून घेतात. त्या रीतीने उंदराची किलोमागे शंभर मिलिग्रॅमची मात्रा माणसाच्या किलोमागे आठच्या आसपास येते. हाही पहिल्या चाचणीसाठीचा सावध अंदाज, अंतिम मात्रा नव्हे.

मग आक्षेप रास्तच ठरतो: घड्याळच वेगळं, तर उंदीर हवा कशाला? उत्तर असं की उंदराकडून मात्रा शिकायची नसते, नियम शिकायचा असतो. हॅरी ईगल यांनी उंदीर आणि सशांवर काम करून १९५० च्या सुमारास दाखवलं, की पेनिसिलिनचा गुण एका मोठ्या डोसावर अवलंबून नसतो. ते परिणामकारक पातळीवर एकूण किती काळ राहिलं त्यावर असतो. तास वेगळे असले तरी हा नियम माणसालाही लागू पडला, आणि गोळी दिवसातून तीनदा की एकदा हे आजही याच विचाराने ठरतं. नुसती काचेची नळी पुरली असती, असंही म्हणता येत नाही. प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध नळीतल्या जंतूंना मारत नव्हतं, पण उंदराला वाचवत होतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने १९३५ मध्ये कोडं सोडवलं: शरीरात त्याचे तुकडे होतात आणि त्यातला सल्फानिलामाइड हा तुकडा काम करतो.

प्राणी दिशाभूलही करतात, हे मान्यच केलं पाहिजे. पेनिसिलिनने गिनिपिग मरतो, कारण त्याच्या आतड्यातली जंतूंची घडी विस्कटते. ऑक्सफर्डमध्ये १९४० साली उंदरांऐवजी गिनिपिग घेतले असते, तर कदाचित पेनिसिलिन विष म्हणून बाजूला पडलं असतं. पण हॅमस्टरमध्ये क्लिंडामायसिनने घडणारा असाच आतड्याचा आजार तपासताना, प्रतिजैविकांनंतर माणसाला होणाऱ्या गंभीर जुलाबांचा जंतू १९७० च्या दशकात ओळखता आला. एका प्राण्याचा निकाल म्हणजे साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. आपल्याकडेही २०२३ मध्ये औषध-चाचणीचे नियम बदलून प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाट दिली गेली. ते योग्यच झालं, पण यकृत, आतडं आणि मूत्रपिंड एकत्र कशी वागतात हे दाखवणं नळीला अजून कठीण जातं.

राहिली आठवड्याची गोळी. दोनशे मिलिग्रॅम डॉक्सी चार-पाच दिवसांत रक्तातून जवळपास नाहीशी होते. मग सातव्या दिवशी संरक्षण कसलं? इथे दुसरं घड्याळ येतं, जंतूचं. लेप्टो अंगात शिरल्यापासून ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. म्हणजे पुढची गोळी मधल्या दिवसांत शिरलेल्या जंतूंना बहुतेकदा ते बळावण्याआधी गाठते. पनामात १९८२ मध्ये अमेरिकी सैनिकांवर झालेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांत एकाला आजार झाला, न घेणाऱ्यांत वीस जणांना. अंदमानातल्या चाचणीत मात्र गोळीने जंतूंचा शिरकाव थांबला नाही, आजार कमी झाला. तेव्हा गोळी घेतली म्हणून चिखल निर्धोक होत नाही, आणि गोळी घेणाऱ्याला ताप आला तरी तो लेप्टो असू शकतो.

शिवाय ‘रक्तातून गेली’ म्हणजे ‘शरीरातून गेली’ असंही नाही. टेट्रासायक्लिन दिलेल्या प्राण्यांची हाडं अतिनील दिव्याखाली पिवळी चमकतात, हे १९५७ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. हे औषध वाढत्या हाडा-दातांतल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं आणि तिथेच राहतं. डॉक्सी त्याच घराण्यातली, चिकटणं काहीसं कमी एवढंच. म्हणूनच एरवी घरोघर वाटली जाणारी ही गोळी गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या पोराला प्रतिबंध म्हणून सहसा देत नाहीत.