महामात्य वस्तुपाल : तीन लक्ष द्रम्मांची नोंद

विक्रम संवत 1276 मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने 1219-20 च्या सुमारास, गुजरातेतील धोळका येथे वस्तुपाल आणि तेजपाल या दोन बंधूंच्या हाती राज्याची मंत्रिमुद्रा आली. राजशेखरसूरींनी पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेल्या 'प्रबंधकोशा'त त्या वेळची एक हकीकत आहे. पद स्वीकारण्यापूर्वी वस्तुपालाने राणा वीरधवलापुढे एक अट ठेवली. आपल्या घरी आज तीन लक्ष द्रम्म आहेत. पुढे कोणाच्या चहाडीने स्वामींची मर्जी फिरली, तर तेवढ्या धनानिशी आम्हांला सुखरूप जाऊ द्यावे, एवढेच वचन त्याने मागितले. कारभार हाती घेण्याआधी स्वतःची आरंभीची शिल्लक स्वामीसमोर मांडणारा मंत्री इतिहासात विरळाच.

हे घराणे पाटणचे, प्राग्वाट ज्ञातीचे. पिता अश्वराज, माता कुमारदेवी. लूणिग आणि मल्लदेव हे वडील बंधू; त्यांपैकी लूणिग अल्पवयातच निवर्तला. पाटणच्या चौलुक्य गादीवर तेव्हा दुसरा भीमदेव होता. परंतु राज्याचा खरा भार धोळक्याचे वाघेला लवणप्रसाद आणि त्याचा पुत्र वीरधवल यांनी उचलला होता. मांडलिक शिरजोर झालेले, खजिना रिता आणि दक्षिणेकडून देवगिरीच्या यादव सिंघणाच्या स्वाऱ्या, अशी त्या काळची स्थिती होती. सिंघणाच्या सैन्याच्या वार्तेने गुर्जर प्रजेची कशी गाळण उडाली, याचे वर्णन राजपुरोहित सोमेश्वराने 'कीर्तिकौमुदी'त केले आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी ते अवश्य पाहावे. आपल्याकडील पराक्रम समोरच्या बाजूने कसा दिसतो, हे त्यातून कळते.

वस्तुपालाच्या लोकसेवेची सुरुवात मंदिरांपासून झाली नाही, ती खंभातच्या बंदरापासून झाली. तेथील कारभार हाती येताच त्याने समुद्रावरील चाचेगिरी मोडली, हीन मार्गाने पैसा मिळवणाऱ्यांना आळा घातला आणि सचोटीच्या व्यापाऱ्याला निर्भय केले, असे सोमेश्वर सांगतो. ताक विकले जाई तेथे त्याने ओटे बांधविल्याचीही नोंद आहे. त्यामागे जातीजातींची सरमिसळ टाळण्याचा हेतू होता, हे झाकण्याचे कारण नाही. तो आपल्या काळाचाच माणूस होता. मात्र ताकाच्या दुकानापर्यंत ज्याची नजर पोहोचते, तो कारभारी केवळ दरबारात बसणारा नव्हता, एवढे निश्चित. लाट देशाच्या शंखाने खंभातवर हक्क सांगितला, तेव्हा हा श्रावक मंत्री शस्त्र घेऊन रणातही उतरला.

त्याच्या दानाची व्याप्ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. विहिरी, तलाव, पाणपोया, अन्नछत्रे आणि धर्मशाळा यांचे उल्लेख समकालीन काव्यांत ठायी ठायी येतात. खंभातच्या भीमेश्वराच्या देवळावर त्याने सोन्याचा ध्वजदंड चढविल्याचे अरिसिंहाच्या 'सुकृतसंकीर्तना'त आहे. त्याने मशिदीही बांधविल्या, असे जैन प्रबंधकारच सांगतात. प्रबंधकोशाने त्यांची संख्या चौसष्ट दिली आहे. उत्तरकालीन ग्रंथांतील कोटींचे आकडे अर्थात रोजमेळातील नोंदी म्हणून वाचू नयेत. भाट आणि भक्त दोघेही शून्ये देताना उदार असतात.

या द्रव्याला योग्य वाट दाखवली ती तेजपालाच्या पत्नीने, अनुपमादेवीने. कथा अशी की, दोघे बंधू सौराष्ट्रात हडाळा गावी आपले धन पुरून ठेवावयास गेले आणि खणताना त्यांना उलट सोन्याचाच हंडा सापडला. आता एवढ्याचे काय करावे? अनुपमादेवी म्हणाली की, ते पर्वताच्या शिखरावर ठेवावे. सर्वांना दिसेल, पण कोणाला नेता येणार नाही. आबूवर काम सुरू झाल्यावर थंडीने कारागिरांचे हात चालेनात. तेव्हा प्रत्येकाजवळ शेगडी, आयते भोजन आणि दिवसा व रात्री काम करणारे वेगवेगळे गट, ही व्यवस्थाही तिनेच सुचवली, असे प्रबंधकार लिहितात.

नेमिनाथ भगवंतांचे हे लूणवसही मंदिर संवत 1287 मध्ये, इ.स. 1230 साली पूर्ण झाले. शोभनदेव हा त्याचा सूत्रधार. यात्रेकरू छताचे संगमरवरी झुंबर पाहतात आणि परततात. व्यापारी मनाच्या माणसाने तेथील शिलालेखाकडेही लक्ष द्यावे. तो लेख म्हणजे जवळजवळ विश्वस्तपत्र आहे. मंदिराची पूजाअर्चा व देखभाल कोणी पाहावी, यासाठी तिन्ही बंधूंचे वंशज आणि अनुपमादेवीच्या चंद्रावती येथील माहेरची मंडळी नेमली आहेत. वर्धापनाचा उत्सव आठ दिवसांचा. त्यातील एकेक दिवस परिसरातील ठरावीक गावांच्या श्रावकांकडे सोपवला आहे. परमार राजा सोमसिंहाने पूजेसाठी एक गाव दिले. रक्षणाच्या जबाबदारीत अचलेश्वर आदी स्थानांतील तपस्वी व ब्राह्मणही सामील आहेत. पैसा एका घराने घातला. राखण मात्र साऱ्या मुलखाकडे दिली. आजही किती तरी देणगीदार इमारतीवर नाव कोरतात आणि पुढच्या वर्षीचा खर्च कोण उचलणार, हे लिहिण्याचे विसरतात!

वचन घेण्याची दूरदृष्टी अखेरीस कामी आली. वीरधवलानंतर वीसलदेव सत्तेवर आला, नागड नावाच्या मंत्र्याचे वजन वाढले आणि बंधूंकडे अमाप धन दडले असल्याची कुजबुज राजाच्या कानी गेली. प्रबंधांत तर घटसर्पाच्या दिव्यापर्यंत गोष्ट गेल्याचे आणि सोमेश्वराने मध्ये पडून राजाला भानावर आणल्याचे वर्णन आहे. दिव्याची कथा रंगवलेली असेलही. तरीही ज्या मंत्र्याची बाजू राजपुरोहिताने, तेही शैव ब्राह्मणाने, राजापुढे लावून धरल्याची आठवण जैन ग्रंथकारांनी जपली, त्याची लोकांतील पत त्यावरून कळते.

संवत 1296 च्या माघात, म्हणजे इ.स. 1240 च्या आरंभी, प्रकृती खालावलेला वस्तुपाल शत्रुंजयाकडे निघाला. गिरिराजाचे दर्शन त्याच्या नशिबी नव्हते. वाटेत अंकेवालिया गावी त्याने देह ठेवला. 'नरनारायणानंद' हे त्याचे स्वतःचे महाकाव्य आज उपलब्ध आहे. उदयप्रभसूरी यांच्या 'धर्माभ्युदय' काव्याची संवत 1290 मधील ताडपत्रावरील प्रत खंभातच्या ग्रंथभांडारात जतन केलेली आहे. ती प्रत कोण्या लेखनिकाची नसून महामात्याने स्वहस्ते लिहिलेली आहे.