शिकविणारांचे शिक्षण

पहिल्या इयत्तेतील मुलांना वाचावयास शिकविणे हे काम आपल्याकडे इतके सामान्य समजले जाते की, पुष्कळ शाळांतून ते सर्वांत नवख्या शिक्षकाच्या गळ्यात घालण्यात येते आणि पोक्त, अनुभवी गुरुजी वरच्या वर्गांच्या परीक्षांकडे लावले जातात. वस्तुतः अध्यापनव्यवसायातील सर्वांत नाजूक व सर्वांत शास्त्रीय काम हेच होय. 1854 च्या वुडच्या खलित्यात शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कुले काढण्याची शिफारस झाली, त्यानंतर अध्यापनविद्यालये निघाली, पदविका आल्या, पाठटाचणांच्या वह्या भरल्या गेल्या. परंतु या साऱ्या खटाटोपात पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात लिपी नेमकी कशी उतरते, ह्या प्रश्नाकडे भावी शिक्षकाचे लक्ष क्वचितच वेधण्यात आले.

देवनागरी जशी बोलावी तशी लिहावी, म्हणून ती शिकण्यास सुलभ, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि साक्षर प्रौढापुरते ते बरेचसे खरेही आहे. मुलाची गोष्ट निराळी. ‘घर’ हा शब्द त्याच्या कानांना एकाच उच्चारघटकाचा वाटतो, शेवटचा ‘र’ अर्धा ऐकू येतो. फळ्यावर मात्र दोन पूर्ण अक्षरे उभी असतात, आणि शिक्षक ती सुटी सुटी म्हणवून घेतो, तेव्हा त्या दोन नादांतून घर कसे निर्माण व्हावे हे त्या बालजीवाला उमगत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत अक्षर एक, उच्चार दोन. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या अगोदर येते आणि उच्चारताना मागाहून. ‘र’ तर ‘वर्ग’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत चार वेषांनी वावरतो. या अडचणी ज्याच्या ध्यानातच नाहीत तो शिक्षक मुलाच्या अडखळण्याला मंदबुद्धी असे नाव देऊन मोकळा होतो.

वर्णमालेची आपली मांडणी कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा उच्चारस्थानांवर आधारलेली, आणि ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अप्रतिम आहे. पण तिचा हेतू लहान मुलाला वाचनाची गोडी लावणे हा कधीच नव्हता. सारी मुळाक्षरे व त्यामागून सारी बाराखडी पाठ होईपर्यंत अर्थपूर्ण शब्दाची भेट लांबणीवर टाकावयाची, हा रिवाज त्या मांडणीतून नव्हे, तर आपल्या आळसातून जन्मला. बाराखडी खणखणीत म्हणणारे मूल ‘कोकीळ’ हा शब्द समोर आला की गप्प होते, याचे कारण त्याने तो घोष कानाने व जिभेने आत्मसात केलेला असतो, डोळ्याने नव्हे. याउलट क, म, ल, ब एवढीच अक्षरे आणि काना हाती दिला, तर काम, लाल, बाक, मामा, बाबा हे शब्द त्याच आठवड्यात वाचता येतात, आणि वाचलेल्याला अर्थ असतो ही प्रतीती आरंभीच येते.

प्रशिक्षणार्थी शिक्षकाला पद्धतीहून अधिक गरज असते ती चुका वाचण्याच्या सवयीची. ‘मासा’ या शब्दाशेजारी चित्र आहे. एक मूल ‘मासोळी’ म्हणते, दुसरे ‘मामा’. पहिले चित्रावरून अर्थ ओळखते पण अक्षराकडे पुरेसे पाहत नाही. दुसऱ्याने आद्याक्षर व काना पाहिला, अर्थ सोडून दिला. दोघांनाही ‘पुन्हा वाच’ एवढेच सांगणारा शिक्षक दोघांचेही नुकसान करतो.

शिक्षकाने मुलाकडूनच शिकावे, या विचाराची महाराष्ट्रात पायाभरणी ज्यांनी केली त्या ताराबाई मोडक (1892–1973) राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेचे ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या, आणि कॉलेजात जे कळले नव्हते ते मुलांच्या सहवासात शिकू लागल्या, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला. तथापि तेथील माँटेसोरीबाईंची महागडी साधने मध्यमवर्गीयांच्या वस्तीत शोभत असली तरी खेड्यातील गरिबाला परवडणार नव्हती. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. जी मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती त्यांच्या वस्तीच्या अंगणात बालवाडीच जाऊन बसली. हीच ती अंगणवाडी. माँटेसोरीपद्धतीत खरकागदी अक्षरांवरून बोट फिरविणे वाचनाच्या अगोदर येते. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीवरही बोट फिरतच असे. फरक एवढाच की तेथे बोटाच्या मागोमाग छडीही फिरे.

1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तेथे विकासवाडी या नावाने एकत्र गुंफण्यात आली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि बालसेविकांचे प्रशिक्षण हाही या कार्याचाच एक भाग होता. घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची मराठी दुसरी, अशा मुलापुढे शिक्षिकेला प्रथम ऐकावेच लागते, आणि शहरी अध्यापनविद्यालयात दुर्मीळ असलेला हा धडा तेथे परिस्थितीच देत होती. अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरीपर्यंत, ते व्रत चालविले.

अंगणवाडीला पुढे सरकारी अंमल लाभला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा सेवा आहेत, आणि पूर्वशालेय शिक्षण ही त्यांतील केवळ एक. आहार, वजन, लसीकरण आणि दप्तरनोंदी यांतून उरलेल्या वेळात सेविकेने गोष्टी सांगाव्यात, चित्रे पाहावीत, मुलांच्या रेघोट्यांना लेखन मानावे, ही अपेक्षा रास्त असली तरी तिच्या प्रशिक्षणात त्याला पुरेसा अवकाश दिला गेला असे म्हणवत नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने निपुण भारत हे अभियान काढून, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे 2026–27 पर्यंतचे उद्दिष्ट ठरविले. उद्दिष्टाबद्दल मतभेद नाही. परंतु राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला असे प्रशिक्षण उतरत येते, तेव्हा प्रत्येक पायरीवर काही गळते, आणि शेवटच्या शिक्षकाच्या पदरी हजेरीची सही व एक घडीपत्रिका पडते.

कोसबाडचाच आजचा पालघर जिल्हा. तेथे वाडा तालुक्यातील सोनाळे येथे 2007 पासून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’सारख्या संस्थांनी बालवाचनाचा व शिक्षकांच्या व्यावसायिक वाढीचा विचार एकत्र केला आहे. अशा कामाचा सारा भर वर्गभेटीवर असावा, असे माझे मत आहे. केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा पहिलीच्या वर्गात मागे बसावे, दोन-तीन मुलांचे वाचन स्वतः ऐकून त्यांच्या चुका जशाच्या तशा टिपाव्यात, आणि शाळा सुटल्यावर बाईंशी फक्त त्या मुलांविषयी बोलावे. पटनोंदणी, पोषण आहार आणि ऑनलाइन माहितीचे तक्ते यांचा तगादा मागे असताना आज त्याला हे करावयास सवड मिळत नाही. ती मिळवून देणे हे शिक्षणखात्याचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे.