औंढ्याचे लिंग आणि पुनःप्रतिष्ठेचे नियम

पूजेत खंड पडला, मूर्ती भंगली किंवा जागेवरून हलली, तर तिच्यातले देवत्व उणावते असे धर्मशास्त्र मानते. ते परत आणता येते, आणि उपाय किती मोठा हे दोषावर ठरते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’सारख्या ग्रंथांच्या परंपरेत याचा जवळजवळ हिशेबच मांडलेला आहे. एक दिवस पूजा चुकली तर दुप्पट पूजा. तीन रात्री चुकली तर महापूजा. त्यापुढे संप्रोक्षण, म्हणजे पंचगव्य आणि मंत्रोदक शिंपून केलेली शुद्धी. महिना उलटला की शास्त्रकारांत मतभेद: कोणी नव्याने प्रतिष्ठा सांगतो, कोणाला संप्रोक्षणच पुरते. भंगलेली मूर्ती मात्र पाण्यात सोडून नवी बसवतात.

अनादिसिद्ध लिंगाला हा शेवटचा नियम लागत नाही. ते भंगले तरी हलवायचे नसते, महाभिषेक केला की झाले. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाला भाविक असे स्वयंभू ज्योतिर्लिंग मानतात. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा, शिल्पांनी गजबजलेला; वरचे बांधकाम आणि शिखर उघडच नंतरचे. औरंगजेबाच्या काळात देऊळ पाडले गेले आणि अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. तो सांधा आजही नजरेला दिसतो. लिंग मात्र तळघरासारख्या अरुंद गाभाऱ्यात, वाकून उतरावे लागते तिथे.

गोव्याच्या सप्तकोटेश्वराच्या बाबतीत जागाच सुटली. दिवाडी बेटावरचे देऊळ पोर्तुगीज अमलात पाडले गेले. लिंग विहिरीवर वापरात होते, ते भक्तांनी गुपचूप नदीपार नेले, अशी कथा आहे. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी त्याची पुन्हा स्थापना झाली. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथे मंदिर बांधवले; तसा शिलालेख दारावर आहे.

पंचगव्याने शुद्धी करण्याचा हाच विधी माणसांविरुद्धही वापरला गेला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. गुरे तिथे पाणी पीत, त्याने ते कधी बाटले नव्हते. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला.