संगणक हँग होतो? आधी नोंद, मग दुरुस्ती

संगणक ही आता आपल्या वस्त्यांत नवलाईची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे अपलोड करणे, या प्रत्येक कामाला तो लागतो. नवा घेण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून कुठल्या तरी कार्यालयाने मोडीत काढलेला जुना डेस्कटॉप घरात किंवा अभ्यासिकेत येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि अशा अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. तेव्हा पुष्कळ ठिकाणी लिनक्स घातले जाते. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची सुरुवात केली, ते हे लिनक्स आज जगभरातील हजारो लोक मिळून वाढवीत आहेत. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते चांगले चालते.

पण काही घरांत अडचण येते. अर्ज अर्ध्यावर भरून झालेला असतो आणि पडदा एकाएकी थिजतो. माऊस हलत नाही, बटणे दाबून उपयोग नाही. कोणी म्हणतो लिनक्सच वाईट, तर कोणी म्हणतो मदरबोर्ड गेला. खरे कारण न शोधताच खिशाला चाट बसते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खातेवही फाडून टाकीत नाही. पानामागून पान तपासून फरक कुठे पडला ते शोधतो. संगणकाचेही तसेच करावे.

सारे हँग होणे सारखे नसते

पडदा थिजला की प्रथम दोन-तीन मिनिटे थांबावे. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा सारखा लुकलुकत असेल तर यंत्र जिवंत आहे, पण त्याला रॅम अपुरी पडते आहे असे समजावे. रॅम भरली की लिनक्स उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवू लागते. डिस्क फार मंद असल्याने सर्व काही ठप्प झाल्यासारखे वाटते. चार जीबी रॅमवर ब्राऊझरच्या वीस खिडक्या उघडल्या की हे हमखास घडते. त्याला उपाय म्हणजे खिडक्या कमी ठेवणे, हलका डेस्कटॉप घेणे, आणि जमल्यास रॅम वाढविणे.

दुसरी खूण कीबोर्डवर मिळते. कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागतो-विझतो आहे का पाहावे. त्यानंतर कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ ही बटणे एकदम दाबावीत. काळ्या पडद्यावर नाव विचारले गेले तर आतले लिनक्स चालू आहे, फक्त चित्रांचा भाग अडकला आहे. दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा एखाद्या प्रोग्राममध्ये असतो. कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल आणि काळा पडदाही येत नसेल, तर लिनक्सचा गाभाच थांबला असावा. मग यंत्राच्या भागांवरही संशय घ्यावा लागतो.

प्लग ओढू नये

एकदम वीज तोडली की लिहिले जात असलेले काम अर्धवट राहते आणि फाईली बिघडू शकतात. त्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे दाबून धरावीत व दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने दाबावीत. एस ने राहिलेले काम डिस्कवर लिहिले जाते, यू ने डिस्कवरचे लिखाण बंद होते आणि बी ने संगणक पुन्हा सुरू होतो. यालाही दाद मिळाली नाही तरच पॉवरचे बटण दाबून धरावे. संगणक परत सुरू झाला की पहिले काम एकच: महत्त्वाची कागदपत्रे पेन ड्राईव्हवर उतरवून घेणे.

यंत्राची स्वतःची रोजकीर्द

लिनक्स आपली रोजकीर्द स्वतः लिहीत असते. ‘लॉग्ज’ नावाच्या प्रोग्राममध्ये मागच्या वेळच्या नोंदी वाचता येतात. हँग होण्याच्या वेळेपाशी ‘आऊट ऑफ मेमरी’ असे शब्द असतील तर रॅम अपुरी पडली. ‘आय-ओ एरर’ असेल तर हार्ड डिस्क किंवा तिची केबल पाहावी. ‘जीपीयू हँग’ असेल तर ग्राफिक्सकडे वळावे. काहीच तक्रार न लिहिता नोंदी मध्येच तुटल्या असतील, तर उष्णता, वीज किंवा सदोष रॅम यांकडे आधी पाहावे.

त्रास लिनक्सच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेनू आणावा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जावे आणि आधीचा कर्नल निवडून आठवडाभर वापरून पाहावा. त्रास थांबला तर दोष नव्या कर्नलशी निगडित आहे. मग दुरुस्तीवर पैसे घालण्याची गरजच नाही.

एका अभ्यासिकेतील उदाहरण

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत देणगीतून आलेला एक डेस्कटॉप आहे. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या ऐन दिवसांत तो हँग होऊ लागला. एका दुकानदाराने उघडून न पाहताच मदरबोर्ड बदलायला सांगितले. म्हणजे पुन्हा वर्गणी गोळा करणे आले. आम्ही संगणकाशेजारी दोनशे पानी वही ठेवली. तारीख, वेळ, कोणते काम चालू होते आणि कॅप्स लॉकचा दिवा हलला की नाही, असे चार रकाने आखले. जो वापरील त्याने लिहायचे.

अकरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. संगणक सकाळी थंड असतानाही हँग होत होता आणि रात्रीही. एकच खिडकी उघडी असतानाही होत होता. दिवा एकदाही हलला नव्हता. लॉग्जमधील नोंदी दर वेळी मध्येच तुटलेल्या होत्या. तापमान पंचावन्न अंशांच्या पुढे जात नव्हते. डिस्कच्या तपासणीत दोष नव्हता. जुना कर्नल लावूनही फरक पडला नाही. आता रॅमची पाळी आली.

रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ प्लस हा प्रोग्राम फुकट मिळतो. लिनक्सच्या सुरुवातीच्या मेनूत तो बहुधा असतो, नसल्यास पेन ड्राईव्हवर घेता येतो. तो रात्रभर चालू ठेवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. आत चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून एकेक पट्टी त्याच खाचेत बसवून तपासली. एक निर्दोष निघाली. दुसरीचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा तपासले, तरी लाल ओळी आल्याच. निर्दोष पट्टी दुसऱ्या खाचेतही बरोबर चालली, म्हणजे दोन्ही खाचा ठीक होत्या आणि मदरबोर्ड बदलण्याचे कारण उरले नाही. एकाच पट्टीवर संगणक तीन आठवडे चालवला. तो एकदाही थांबला नाही आणि मुलांचे अर्ज मुदतीत गेले. पुढे जुन्या बाजारातून त्याच जातीची एक पट्टी आणून बसवली. तिचा खर्च अभ्यासिकेच्या किरकोळ खर्चात बसला.

एका वेळी एकच बदल

या साऱ्यात एकच नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निकाल वहीत लिहावा. रॅम, केबल व कर्नल एकाच दिवशी बदलले आणि त्रास थांबला, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

भर दुपारी किंवा जड कामातच यंत्र थांबत असेल तर पंख्यातील धूळ प्लग काढून मऊ ब्रशने झाडावी. प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी. शेजारी मिक्सर किंवा मोटार सुरू होताच थांबत असेल तर वीज व अर्थिंग तपासावे. एस.एम.पी.एस.चा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली राहते. तो बदलायचा तर जाणकाराकडूनच.

दुकानात जावेच लागले तर वही सोबत न्यावी. ‘संगणक बिघडला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला दुकानदार काहीही सांगू शकतो. ‘अकरा दिवसांत नऊ वेळा थांबला, डिस्क ठीक, रॅमच्या एका पट्टीत दोष’ असे म्हणणाऱ्याशी त्याला मुद्द्याचेच बोलावे लागते. घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींना हे काम जरूर द्यावे. नोंद ठेवणे, शंका घेणे आणि पडताळून पाहिल्याशिवाय न मानणे ही सवय त्यांना संगणकाबाहेरही उपयोगी पडेल.