वाटेतील प्रसूती आणि नवजात बालक

प्रसूती आरोग्यकेंद्रातच व्हावी, हे इष्ट होय. तथापि, दुर्गम पाड्यावरून निघालेल्या गर्भवतीचे बाळंतपण कधीकधी वाटेतच होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर येणाऱ्या रुग्णवाहिकेतील पथकाला अशा वेळी दोन जीव सांभाळावे लागतात.

बाळाचे डोके दिसू लागताच गाडी कडेला थांबविली जाते. डोके ओढावयाचे नसते. हाताचा केवळ आधार द्यावयाचा असतो. जन्मलेले बाळ ओले असल्याने झपाट्याने गारठते. म्हणून ते कोरड्या, स्वच्छ कापडाने तत्काळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात व दोघांवर पांघरूण घालतात. पुसण्यानेच बहुतेक बाळे रडू लागतात. तरीही श्वास सुरू न झाल्यास पहिल्या मिनिटातच पिशवी व मुखवट्याने श्वास द्यावा लागतो. रडणाऱ्या बाळाची नाळ मात्र एक ते तीन मिनिटांनी निर्जंतुक साधनाने कापतात.

वार पडण्यासाठी नाळ ओढू नये. वार पडल्यावर ओटीपोट चोळून गर्भाशय घट्ट झाल्याची खात्री करतात. कारण प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे.

पहिले चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये. तासाभरात त्यास अंगावर पाजावे. चीक फेकू नये.

ग्रामपंचायतीने दिवस भरत आलेल्या मातांची माहिती आशा कार्यकर्तीकडून घ्यावी आणि पावसाळ्यात गाडी कोठवर पोहोचते, तेथपर्यंत मातेला कसे आणावयाचे, हे आधीच निश्चित करावे. त्यामुळे वाटेतील प्रसूतीचे प्रसंगच कमी होतील.